आज जेवायला कोण कोण

काळातून मागेपुढे प्रवास करणाऱ्या माणसांच्या गोष्टी मी तरुणपणी पुष्कळ वाचल्या. त्यांत एक यंत्र असतं, एक विक्षिप्त शास्त्रज्ञ असतो आणि त्याच्या घरी एक बाई असते. शास्त्रज्ञ शतकं ओलांडून येतो, बाई दार उघडते. तिला तो म्हातारा आधी भेटतो आणि तरुण नंतर. त्याची जी पहिली भेट, ती हिची कितवी तरी असते. लेखकाचा सगळा जीव यंत्रात अडकलेला असल्यामुळे या बाईचा दिवस कसा जातो, भाजी कोण आणतं, हे कोणी लिहीत नाही. ते मला वाराणसीला बदली होऊन आल्यावर कळलं. यंत्र मात्र कुठे दिसलं नाही.

बँकेने मला नाशिकहून इथे पाठवलं. ती बढती होती की शिक्षा, हे पत्रावरून स्पष्ट होत नव्हतं. बायकोची नोकरी आणि मुलीची दहावी नाशिकला, म्हणून मी एकटाच आलो. रामघाटाच्या मागच्या गल्लीत एका मराठी घरात वरची खोली मिळाली. गाडी कुठपर्यंत येते, असं मी फोनवर विचारलं होतं. "गाडी नाही येत," पलीकडून बाईंचा आवाज म्हणाला, "माणसं येतात." सामान हमालाच्या डोक्यावरून आलं, तेही वाटेतल्या बैलाने उठायचं मनावर घेतल्यानंतर.

खालच्या दोन खोल्यांत घरमालक राहत, काका आणि काकू. काका ऐंशीच्या पुढचे. वैदिक. उभा जन्म मुलांना वेद शिकवण्यात गेला. पहिल्याच सकाळी मी खाली उतरलो तर ते दारातल्या ओट्यावर बसलेले. मला म्हणाले, "आलास? प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"मी वरचा भाडेकरू. बँकेत असतो."

त्यांना माझी कीव आलेली दिसली. "बँकेत कशाला राहतोस? इथे जागा आहे की."

आतून काकू आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, चालण्यात घाई. हात पुसत त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, आज जेवायला कोण कोण?"

"गुरुजी, माई, आम्ही सगळे, आणि हा नवीन आलाय तो."

"बरं. भात जास्त लावते." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "आज ते विद्यार्थी आहेत. तुम्ही पण. जा आता, बँकेला उशीर होईल."

संध्याकाळी त्यांनी मला चहा देऊन सगळं समजावलं, जसं नव्या भाडेकरूला पाण्याची वेळ आणि माकडांचा उपद्रव समजावतात तसं. दोनेक वर्षांपासून काका एका सालात राहत नव्हते. सकाळी उठून ते कुठल्या वयात असतील याचा नेम नव्हता, आणि दुपारच्या झोपेनंतर ते आणखी बदले. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव लिहून दिलं होतं आणि रोज खरी तारीख सांगत जा, असा सल्ला दिला होता. काकूंनी आठवडाभर तो पाळला.

"मतलब काय झालं, रोज सकाळी त्यांना कळायचं की गुरुजी गेले, आई गेली, मोठा भाऊ गेला. रोज नव्याने रडायचे. रोज सकाळी सुतक कोण पाळणार? मी बंद केलं."

त्याऐवजी त्यांनी स्वतःची पद्धत काढली. आज जेवायला कोण कोण, एवढंच विचारायचं. काका ज्यांची नावं घेत त्यावरून साल कळे. गुरुजी, माई आणि विद्यार्थी म्हणजे शिकण्याची वर्षं. मुलगा शाळेतून यायचाय म्हणजे पस्तिशी. "तू आणि मी" म्हणजे नवं लग्न. साल कळलं की काकू त्या सालात जात. पण त्यांचे दोन नियम होते. खोटं बोलायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाचं सोंग घ्यायचं नाही. "मी मीच असते," त्या म्हणाल्या. "माझं वय फक्त ते ठरवतात."

हे त्यांना जमत होतं याला एक कारण होतं. काका लहानपणी कोकणातल्या खेड्यातून वेद शिकायला काशीला आले, ते दुर्गाघाटावर काकूंच्या वडिलांच्या घरी. गुरुजी म्हणजे तेच, आणि माई म्हणजे काकूंची आई. काकू तेव्हा फ्रॉकमध्ये होत्या. गुरूंच्या घरातला तो विद्यार्थी पुढे गुरूंचा जावई झाला. त्यामुळे काका मागे कितीही गेले तरी बहुतेक ठिकाणी काकू आधीच हजर. "दुसऱ्या कुणाशी लग्न झालं असतं तर परेशानी होती," त्या म्हणत. अपवाद फक्त काकांच्या गावातल्या वर्षांचा. त्या दिवशी जेवायला अशी माणसं असत जी काकूंनी कधी पाहिली नव्हती, आणि काका काकूंनाच मामी म्हणत. मग त्या पाहुण्यासारख्या गुमान स्वयंपाक करत आणि दुपारच्या झोपेची वाट पाहत.

मी समारंभ, सत्कार आणि थोर लोकांची चरित्रं यांच्यावर फारसा विश्वास ठेवणारा माणूस नाही. कौतुक करायची वेळ आली की मी चष्मा पुसत बसतो. पण त्या घरात राहिलो त्या काळात, सकाळचं आवरून जिना उतरताना, मी रोज थोडा थांबत असे. एके दिवशी काका पस्तिशीत असत आणि मुलाला वेदपाठशाळेत घालायचं की इंग्रजी शाळेत, यावर कडाडून भांडत. मुलगा आता पुण्यात निवृत्तीला आलेला. "हे भांडण मी तेव्हाच जिंकले होते," काकू मला म्हणाल्या. "आता परत जिंकावं लागतं. पहिल्यांदा सोपं गेलं होतं." दुसऱ्या दिवशी काका नवे नवरे असत. माझ्यादेखत बायकोशी बोलायला लाजत. काकू दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या, आणि ते मला सांगत, "आत जरा पाणी मागा." मी म्हणे, "काकू, पाणी." काकू तांब्या माझ्याकडे देत, मी काकांकडे. काकू पदर डोक्यावर ओढून बसत आणि खरोखरच लाजत. ते सोंग नव्हतं, हे शपथेवर सांगू शकतो. मी इतक्या जवळ होतो की मलाच उठून जावंसं वाटे.

वैदिकांत एक पाठ आहे, त्याला घन म्हणतात. त्यात मंत्रातले शब्द सरळ म्हणत नाहीत. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, मग उलटे, मग पुन्हा सरळ. असं मागेपुढे घोटल्यामुळे शब्द हरवत नाही म्हणतात. काका त्यात तरबेज होते. काकूंनी मला ते समजावलं आणि म्हणाल्या, "चारचौघींचा संसार सरळ जातो. माझा यांनी घनाला लावलाय."

पण हे सगळं निभावताना काकू एका गोष्टीची वाट पाहत होत्या. ती त्यांनी मला हिवाळ्यात सांगितली, आम्ही मटार सोलत बसलो होतो तेव्हा.

वडिलांच्या घरी सकाळपासून वेद चाले. त्या दाराआड बसून ऐकत. कान तयार झाले, पण शिकवलं कोणी नाही. बायकांना शिकवत नसत, प्रश्नच नव्हता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी हिय्या करून नवऱ्याला म्हटलं, मला शिकवा. काका नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "गुरुजींना विचारतो." म्हणजे काकूंच्याच वडिलांना.

"मग?"

"मग काय. मग काहीच नाही. त्यांनी परत विषय काढला नाही. मी पण नाही काढला. एकदा विचारलं, दोनदा कोण विचारणार?"

"म्हणजे तुमच्या वडिलांनी नकार दिला."

"किंवा यांनी विचारलंच नाही. तेच तर माहीत नाही. मला इतकी वर्षं दोघांतल्या एकावर रागवायचं होतं, आणि कुणावर ते ठरेना. शेवटी बाबांवरच रागवले. ते लांब राहत होते, सोयीचं होतं."

लांब म्हणजे दोन घाट पलीकडे.

"आता कसं आहे," काकू म्हणाल्या, "हे सगळीकडे जाऊन येतात. त्या आठवड्यात पण कधीतरी जातील. गेले की मी विचारणार आहे. बाबा काय म्हणाले ते."

त्यांनी शेंगा बाजूला केल्या. "कधी कधी ना, मी समोर बसले की मलाच विद्यार्थी समजतात. संथा द्यायला लागतात. एक ओळ म्हणतात आणि थांबतात, मी दोनदा म्हणावं म्हणून. मी उठून जाते."

"का? तुम्हाला शिकायचंच होतं ना?"

"ते दुसऱ्या कुणाला देतायत. मी घेतली तर चोरी."

बँकेत आम्ही याहून बरंच जास्त सैल नियमांवर काम करतो.

काका अधूनमधून घराबाहेर पडत. पंचगंगा घाटाच्या मागून, मशिदीच्या भिंतीखालून गल्ली-गल्लीने थेट दुर्गाघाटावर, आपल्या गुरूंच्या घरापाशी. पायांना रस्ता पाठ होता. साल कोणतंही असो, त्या गल्ल्या तशाच आहेत, तेवढाच वळसा, तेवढीच पायरी. घर मात्र तेच राहिलं नव्हतं. काकूंच्या भावाने ते विकलं होतं आणि तिथे आता परदेशी पाहुण्यांसाठी होमस्टे होतं, दारावर तीन भाषांतली पाटी, त्यांतली एक कोरियन. काका पायरीवर उभे राहत. आत जात नसत. बऱ्याच वेळाने वळून परत येत.

त्याचा अर्थ लावणं आम्हाला अवघड गेलं नाही. वेदाच्या पाठात एक शिस्त असते: उशिरा आलेल्या विद्यार्थ्याने पाठ चालू असताना मध्येच आत शिरायचं नाही, तो भाग संपेपर्यंत पायरीवर उभं राहायचं. काका उशिरा आलेले विद्यार्थी आहेत, असं काकूंनी ठरवलं, मीही मान डोलावली. त्या मागोमाग जात, थोड्या अंतरावर उभ्या राहत, पाठ संपू देत आणि मग त्यांना घरी आणत. मध्ये काही विचारत नसत. पाठात व्यत्यय नको. होमस्टे चालवणाऱ्या बाई भल्या होत्या. "दादाजी, अंदर आइए ना, चाय पी लीजिए," म्हणत. काका त्यांच्याकडे पाहतसुद्धा नसत. उशिरा आलेल्या मुलाने चहा कसा प्यायचा?

वसंत सुरू झाला आणि एका संस्थेने काकांचा सत्कार ठरवला. संस्थेचं नाव इतकं लांब होतं की फलकावर ते दोन ओळींत बसवलं होतं. काकू जायला तयार नव्हत्या, पण जुने विद्यार्थी घरी येऊन बसले. कार्यक्रम रविवारी होता, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. हॉलमध्ये शिरल्यावर पहिला दिसला तो फलक. त्यावर काकांचा फोटो पासपोर्टएवढा आणि अध्यक्षांचा दरवाजाएवढा. काकूंनी खुर्चीत बसतानाच हळूच विचारलं, "आज जेवायला कोण कोण?" काका म्हणाले, "गुरुजी, माई, आम्ही." काकू मला म्हणाल्या, "झालं. विद्यार्थी आहेत."

मग भाषणं झाली. काकांना ज्ञानसूर्य म्हटलं गेलं, चालतंबोलतं विद्यापीठ म्हटलं गेलं, एका वक्त्याने त्यांना वटवृक्ष केलं आणि लगेच पुढच्याने दीपस्तंभ. काका अगदी लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच काकूंकडे झुकले. "कोण आहेत हे आचार्य?"

"तुम्हाला कसे वाटतात?"

"मोठे दिसतात." जरा थांबून म्हणाले, "पण इतकी स्तुती समोर बसून ऐकतात, म्हणजे कमाल आहे."

मी रुमालाने तोंड झाकलं. नाव पुकारल्यावर दोघा विद्यार्थ्यांनी त्यांना व्यासपीठावर नेलं. अध्यक्षांनी खांद्यावर शाल घातली. काकांनी ती लगेच काढली, नीट घडी केली, दोन्ही हातांत घेतली आणि अध्यक्षांना नम्रपणे म्हणाले, "पोचवतो."

निवेदक माइकवर म्हणाला, "केवढी ही विनम्रता!" टाळ्यांचा कडकडाट झाला. जेवणाचा बेत होता, पण काका शाल घेऊन निघालेच. कोणाच्या तरी कामावर पाठवलेलं मूल जसं निघतं तसे.

ई-रिक्षाने आम्हाला गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि काका घराकडे न वळता दुर्गाघाटाकडे वळले. आम्ही मागे. "बाबांना द्यायला चालले असतील," काकू म्हणाल्या. सत्कार गुरूंचा झाला, शाल गुरूंची, ती पोचवायची, हे सरळ होतं. पायरीशी आले आणि नेहमीसारखे थांबले. काकूही अंतर ठेवून थांबल्या. पण उन्हं चढली होती आणि काका सकाळपासून उपाशी होते. म्हणून त्या दिवशी काकूंनी व्यत्यय आणला. जवळ जाऊन विचारलं, "अहो, आज जेवायला कोण कोण?"

काका चमकले. इकडेतिकडे पाहिलं, मी दिसलो तशी मान खाली घातली आणि पुटपुटले, "कोण असणार? तू आणि मी."

वाटेत कुठेतरी साल बदललं होतं. काकूंच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं. नवं लग्न, आणि ही पायरी. उशिरा आलेला विद्यार्थी इथे नव्हताच. कदाचित कधीच नव्हता.

"मग इथे का उभे आहात?" काकूंनी विचारलं.

"तू कशाला आलीस? घरी जा. तुझ्यासमोर कसं विचारणार मी?"

मी दोन पावलं मागे जाऊन भिंतीवरची योगवर्गाची जाहिरात वाचू लागलो. त्याचा उपयोग नव्हता, गल्ली हातभर रुंद. सगळं ऐकू येत होतं.

काकू पायरीवर बसल्या. "काय विचारणार होतात?"

"तूच नाही का म्हणालीस परवा? शिकवा म्हणून."

"मग विचारलंत का बाबांना?"

"येतो की रोज. पायरीपर्यंत येतो." त्यांनी हातातली शाल दाखवली. "रिकाम्या हाताने जीभ उचलत नाही. आज हे आहे, आज विचारतो."

"मग जा आत."

काका गेले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "नाही म्हणाले तर? त्यांचा शब्द मला मोडता येणार नाही. मग तो विषय कायमचा बंद. विचारलं नाही तर निदान तुला सांगता येईल, अजून विचारायचंय म्हणून."

म्हणजे कोणी नाही म्हटलंच नव्हतं. वडिलांपर्यंत प्रश्न पोचला नव्हता, आणि नवऱ्याने उत्तर नको म्हणून तो पायरीवरच ठेवला होता. काकू गुडघ्यावर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील, मी बाबांना विचारलं, ते हो म्हणाले. एवढं एक वाक्य पुरलं असतं. काकांना सुटल्यासारखं झालं असतं आणि त्यात कुणाचं काही जाणार नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं आणि वर स्वतःला समजूतदार म्हणवून घेतलं असतं.

"बाबा आत नाहीत," काकू म्हणाल्या.

"कधी येतील?"

"ते नाही सांगता येणार मला." त्यांनी काकांकडे पाहिलं. "तुम्ही मलाच विचारा."

"तुला काय विचारायचं? तू हो म्हणणार."

"म्हणणारच."

"मग ते विचारणं कसलं?"

"बाबांचं राहू दे. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

तेवढ्यात पाठीवर बोजा घेतलेलं एक परदेशी जोडपं पाटी वाचत आलं. मी आणि काका भिंतीला चिकटलो, काकू पायरीच्या कडेला सरकल्या, ते आत गेले. काका ते गेले त्या दाराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मला वाटतं, तुला येईल."

"येईल ते मला पण माहीत आहे. शिकवाल का?"

"लोक काय म्हणतील?"

"दार लावून घेऊ."

"आणि पाप लागलं तर?"

"अर्धं-अर्धं."

काकांनी यावर गंभीरपणे विचार केला. "छे. असलं तर ते शिकवणाऱ्याला. तू त्यात पडू नकोस." आणि शाल काकूंच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "उद्या आंघोळ करून बस. केस घट्ट बांध. मध्ये मध्ये सारखे करत बसतेस."

काकूंनी पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बांधते."

परत येताना काका पुढे चालत होते, हलक्या पायांनी. काकू माझ्याबरोबर. मशिदीच्या भिंतीखाली आलो तेव्हा म्हणाल्या, "माहेरी जेवायला गेले की मी प्रत्येक वेळी आमटीला नावं ठेवायचे. बाबा बिचारे मीठ आणायला उठायचे. काही कमी नसायचं आमटीत."

"आणि काकांवर? आता त्यांच्यावर रागवायला हरकत नाही."

"रागवणार आहे. सवडीने."

मी व्यवहारी माणूस, मला पुढचं दिसत होतं. "काकू, उद्या त्यांना हे आठवणार नाही."

"मला आठवेल ना," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी लवकर तयार झालो आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बुटाची नाडी बांधत बसलो. तिला बराच वेळ लागला. खाली काकू न्हाऊन, केस घट्ट बांधून, काकांच्या समोर खाली बसल्या होत्या. काकांनी त्यांना नीट निरखलं. कुठलं साल होतं कोण जाणे. काकूंनी त्या दिवशी ते विचारलं नाही.

"बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

"शिकायला आले आहे."

"कोणी पाठवलं?"

"तुम्हीच बोलावलंत."

"मी?" काका विचारात पडले. मला वाटलं, आता उठतील किंवा चिडतील. पण त्यांना ते पटण्यासारखं वाटलं असावं. "बरं," ते म्हणाले. "मग बसा नीट. पाठ ताठ."

त्यांनी एक ओळ म्हटली आणि थांबले. काकूंनी ती दोनदा म्हटली. मला वेदातलं काही कळत नाही, पण त्यांचा आवाज लहानपणापासून वाट माहीत असलेल्या माणसासारखा गेला, कुठेच अडला नाही. हात मात्र चुकला. त्यांच्या शाखेत स्वराबरोबर उजवा हात वर-खाली न्यावा लागतो, आणि दाराआडून ऐकणाऱ्या मुलीला हात कुठून दिसणार? काकांनी पुढे वाकून त्यांचं मनगट धरलं आणि जिथे हवं तिथे नेऊन ठेवलं.

"हात कुठे चाललाय? लक्ष कुठे आहे तुझं?" तुम्हीवरून तूवर आले होते, जसं विद्यार्थ्याला म्हणतात तसं.

"इथेच आहे."

"परत."

याला आता बरेच महिने झाले. रोज होत नाही. गावाकडच्या दिवशी काकू मामीच असतात. पण ज्या दिवशी होतं त्या दिवशी काका कुठूनही सुरू करतात. कधी पुन्हा पहिलीच ओळ, जणू काल कोणी आलंच नव्हतं. कधी एकदम शेवटचा अध्याय, कधी मधलंच काही, ज्याच्या आधीचं काकूंना दिलेलंच नसतं. काकू जे मिळेल ते घेतात, दुपारी भाजी निवडताना घोकतात आणि चुकलेला हात स्वतःच हवेत दुरुस्त करतात. हे पुरं होणार नाही, हे त्यांना माहीत आहे. तसं त्या मला सरळ म्हणाल्या.

एकदा मी धीर करून विचारलं की काका नक्की कुणाला शिकवतायत, याचं आता त्यांना काही वाटत नाही का. पूर्वी त्या उठून जात असत.

"विचारलं मी त्यांना," काकू म्हणाल्या. "कुणाला शिकवताय, म्हटलं. तर म्हणाले, समोर बसली आहे तिला."

आतून हाक आली. काका कुठल्यातरी अध्यायाच्या मधूनच सुरू झाले होते. काकूंनी चहाची कपबशी माझ्या हातात दिली, ती धुवून ठेवा म्हणाल्या, आणि हात पुसत आत गेल्या.